जमिनीखाली चालणारं इंजिन

महाराष्ट्र झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात वणीकडच्या आमच्या शेतात मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, बोअर घेतली. नदीकाठची रेताड जमीन. पाणी लवकर लागलं. पण डिझेल इंजिन सुरू झालं की पाण्याबरोबर पिठासारखी बारीक रेती यायची. भाकरीत कचकच, वरणात कचकच. पाटाच्या तोंडाशी ढीग वाढत गेला. मामाजी खूश. "घर बांधाले फुकटची रेती भेटून राह्यली," म्हणायचे. ती जिथून निघते तिथं आता काय उरलं असेल, हे कोणाच्याच मनात आलं नाही.

एका दुपारी इंजिन चालू होतं, आणि मी त्याच्याजवळच्या वांग्याच्या वाफ्यात निंदत होते. हात जमिनीवर टेकला, तर खालून आवाज आला. कणगीत ज्वारी ओतावी तसा, बारीक, सलग. मी नवऱ्याला हाक मारली.

"अवो, जमीन अंदरून वाजून राह्यली."

हे हसले. "इंजिनाचा हादरा असन. तुले काहीही आयकू येते."

तरी त्यांनी कान टेकवला, आणि त्यांचं हसू गेलं. इंजिन बंद करायला ते उठले. मी मागून त्यांचा सदरा धरला. का धरला, आजही सांगता येत नाही. तेवढ्यात समोरची जमीन मुकाट खाली बसली. इंजिन, पंप, सगळं आत गेलं. वर नुसती धूळ. आणि आमच्या पायाखालून इंजिनाचा आवाज येतच होता.

मामाजी धावत आले. "इंजिन कुठी गेलं?"

आम्ही दोघांनी खाली बोट दाखवलं. आवाज घोगरा होत गेला, मग थांबला.

बोअर मारणारा मिस्त्री आला. खड्ड्याकडे बघत म्हणाला, "माह्यंच चुकलं. जाळीच्या पाइपाची छिद्रं तुमच्या रेतीहून मोठी पडली. पाण्यासंगं रेती निंघत गेली, अन् खाली पोकळ झालं."

दुसरी बोअर त्यानं दूर घेतली. छिद्रं बारीक, आणि पाइपाभोवती खड्यांचा थर. ते खडे आम्ही बायकांनी चाळले. रेती अडेल इतके बारीक, पाणी येईल इतके जाड. आधी गढूळ आलं, मग पाणी नितळ झालं. सासूबाईंनी पहिला लोटा तुळशीला घातला.

खड्डा मातीनं बुजवला. पण बैल त्या जागेवरून कधी गेले नाहीत. औत घेऊन आले की अलीकडेच थांबायचे, कान टवकारून. शेवटी ह्यांनी तो तुकडा पेरणंच सोडलं.