कौसाबाईंच्या स्कॅनमधली दोन बोटं

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी वाचायचे ते हसण्यासाठी. अर्ध्याअधिक प्रसंगांना काहीतरी साधं कारण असणार, असं माझं ठाम मत होतं. शिक्षणच तसं... बी.एस्सी., न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजी. जे मोजता येतं तेच खरं.

शेवटच्या वर्षाचं ट्रेनिंग नगरमधल्या एका हॉस्पिटलात होतं. खोली भिंगारला, गाव जामखेड तालुक्यात. घरी आई आणि आण्णा, म्हणजे माझे वडील.

ऑगस्टमधली गोष्ट. पाथर्डीकडच्या कौसाबाई बोन स्कॅनसाठी आल्या होत्या. छातीच्या गाठीचं ऑपरेशन झालेलं, आजार हाडांत गेलाय का ते बघायचं होतं. सकाळी किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन दिलं, तीन तास थांबवलं, दुपारी दीडला टेबलावर घेतलं. ज्या हाडात बिघाड, तिथे औषध जास्त साठतं आणि स्क्रीनवर काळा डाग दिसतो.

"लई गार हाय गं बाई हितं."

"वीस मिनिटं फक्त, मावशी. हलू नका."

मी कॉम्प्युटरसमोर बसले. चित्र डोक्याकडून खाली हळूहळू उमटत जातं. कवटी, खांदे... मग मणक्यात तीन डाग. डाव्या खुब्यात एक मोठा. वाईट वाटलं. मग हात आले, आणि उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. करंगळी आणि तिच्या शेजारचं.

मी काचेतून पाहिलं. कौसाबाईंच्या हाताची पाचही बोटं चादरीवर सरळ पसरलेली होती.

ती दोन बोटं आमच्या आण्णांना नाहीत. मी चौथीत असताना कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली.

मी आमच्या विभागाच्या सीनियर मॅडमना हाक मारली. त्यांनी डाग पाहिले, कपाळाला आठ्या घातल्या. "बोटं कुठायत? काहीतरी गडबड आहे. थांबव, परत घे." थांबवलं. अर्धवट स्कॅन सेव्ह झालाच नाही. दुसऱ्यांदा घेतला तर हाडं स्वच्छ, बोटं पाच. कौसाबाई हसत घरी गेल्या. एखाद्या जुन्या पेशंटची फाईल उघडली असेल म्हणून मी सगळं रेकॉर्ड चाळलं... तसा पेशंटच नव्हता.

संध्याकाळी घरी फोन केला.

"आण्णा, पाठबीठ दुखते का?"

"न्हाई बा. का गं?"

"एकदा इकडं येऊन तपासून घ्या ना."

"मला काय धाड भरलीय? उडीद काढायचा हाय, मग बघू."

मी फोन ठेवला. काय सांगणार होते? मग परीक्षा आली. खरं सांगायचं तर, मी ते मुद्दामच विसरले.

दिवाळीनंतर आण्णांना खाटेवरून उठता येईना. तपासण्यांत प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. बोन स्कॅन आमच्याकडेच झाला, त्याच मशीनवर. मीच घ्यायचं ठरवलं, दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला जीव होईना. मणक्यात तीन. डाव्या खुब्यात एक. मागे उभ्या असलेल्या मॅडम स्क्रीनकडे वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "हे... आपण आधी पाहिलंय का गं?"

मी मान हलवून हो म्हटलं.

डॉक्टर आईला म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर..."

आण्णा फेब्रुवारीत गेले. त्याच्या आठवडाभर आधी, आई पाणी आणायला गेलेली असताना, त्यांनी विचारलं होतं, "उडदाच्या टायमाला तू फोन केलतास. तुला तवाच कसं कळालं हुतं?"

"असंच... काळजी वाटली म्हणून."

त्यांनी माझा हात धरला. राग नव्हता, नुसतं विचारायचं म्हणून विचारलं. "मग येकदाच का म्हनलीस गं? आनखी दोनदा म्हनली असतीस तर आलो असतो मी."

मशीन बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर येऊन गेला. काही दोष नाही म्हणाला. मला अजूनही कळलेलं नाही त्या दुपारी मी काय पाहिलं. त्याचं उत्तर कुणी दिलं तरी आता काय करायचंय... मी आण्णांना एकदाच म्हटलं होतं, तेवढं मात्र मोजता येतं.