एका गेम कॅसेटसाठी पैठण

टीव्हीला जोडायच्या जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटींसाठी मी नवे सर्किट बोर्ड डिझाइन करतो. हसू आलं असेल तर मोकळेपणानं हसा, गारखेड्यातले माझे शेजारी रोज हसतात. पण पैठणहून शोभाताईंचा फोन आला आणि मी माझा नवाकोरा बोर्ड पिशवीत टाकून निघालो.

शोभाताई पैठणी विणतात. मामांनी दुबईहून आणलेल्या कॅसेटवर त्यांनी आणि धाकट्या बहिणीनं, रेखानं, एक खेळ शेवटच्या पातळीपर्यंत नेला होता. मग रेखाचं लग्न झालं, खेळ अर्धवट राहिला. आता रेखा दुसऱ्या दिवशी नांदेडहून माहेरपणाला येणार होती आणि कॅसेटचा बोर्ड गंजला होता. खेळ कुठवर आला हे लक्षात ठेवणारी मेमरी चिप बटणाएवढ्या बॅटरीवर तग धरून असते. वीज तुटली की सगळं पुसलं जातं. मी फोनवर छातीठोक सांगितलं, "चिप काढायची, नव्या बोर्डावर बसवायची. तासाभराचं काम!"

आधी औरंगपुऱ्यात बारीक वायर घेतली. तिथं गाडी नेऊ नका, रिक्षा बरी. दुकानदार म्हणाला, "इत्ती बारीक वायर पूछनेवाले तुम अकेलेच हो भाई." मी ते कौतुकच समजलो. पैठणची एसटी सकाळची धरा, खिडकी मिळते. दीडेक तासाचा रस्ता, तिकीट शंभरच्या आसपास. मी बिडकीनपर्यंत मस्त डुलकी काढली.

शोभाताईंच्या मागाशेजारीच टेबल मांडलं. चिपला बाहेरून दुसरी बॅटरी जोडली, चिप उचलली, नव्या बोर्डावर बसवली. टीव्ही लावला, तर दोघींच्या नावांच्या जागी भलतीच चिन्हं! खाली प्रश्न: खेळ खराब झालाय, पुसायचा का? 

"दादा, कायबी दाबू नका," शोभाताई म्हणाल्या.

चूक माझीच होती. बोर्डावरच्या रेषा सुबक याव्यात म्हणून मी मेमरीच्या चार रेषांची अदलाबदल केली होती. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं, कारण कोऱ्या चिपमध्ये जिथं लिहाल तिथूनच वाचाल. ही चिप कोरी नव्हती. तिच्यात जुन्या क्रमानं लिहिलेलं होतं.

हे समजावल्यावर शोभाताई म्हणाल्या, "नवा ताणा जोडताना आमी जुन्याच्या एकेका धाग्याला त्याचाच धागा पिळतो. सोयीनं जोडला तर नक्षी ऱ्हाईल व्हय?"

टीव्ही बंद करून मी चारही रेषा कापल्या आणि वायरनं मूळ जागी जोडू लागलो. मी भिंगातून बघत होतो, त्या नुसत्या डोळ्यांनी. "त्यो नाय, पलीकडचा," असं म्हणत त्यांनी दोनदा वाचवलं. भाकरी-पिठलं गार झालं. पुन्हा टीव्ही लावला. शोभा. रेखा. शेवटची पातळी.

"हाय की वं!" म्हणत त्यांनी तोंडाला पदर लावला. माझेही डोळे भरले, लपवत नाही.

घरी आल्यावर पहिलं काम केलं. याच ब्लॉगवर मी "मेमरीच्या रेषा हव्या तशा फिरवा" असं ऐटीत लिहिलं होतं, ते दुरुस्त केलं. पैठणला मात्र जरूर जा, आणि विणकाम बघायला वेळ ठेवा.

तिसऱ्या दिवशी शोभाताईंचा फोन आला. मागे कुणी तरी खदखदून हसत होतं.

"हारलो वं दादा, दोघीबी! रेखा म्हनती, आता जिंकल्याबिगर नांदेडला जानार नाय."