निशाणी छत्री

आमच्या वरच्या काकू अमेरिकेत कधी गेलेल्या नव्हत्या, पण गेल्या वर्षीची अमेरिकेची निवडणूक त्यांनीच लढवली, आणि तीही जर्मनीतल्या नेकारसुल्ममधून, आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरून, हे मी कुणाच्याही समोर छातीठोकपणे सांगेन. तशी मी छातीठोक बाई नाही. बारावी कशीबशी झाले, लग्न झालं, ह्यांच्याबरोबर इकडे आले, आणि आल्यापासून घाबरतेच आहे. बेल वाजली की घाबरते, फोनवर कुणी जर्मन बोललं की घाबरते, दुकानात गल्ल्यावरची बाई माझं सामान भराभर पुढे ढकलायला लागली की माझ्या हातातून पिशवीच सुटते. आमची ओवी चार वर्षांची, पण तिचीसुद्धा भीती वाटते मला, कारण मी विचारते "भात खाणार का गं?" आणि ती म्हणते "नाईन, मामा," म्हणजे नको, आई, आणि पुढे जे काय सांगते ते मला निम्मं कळतं, निम्मं मी हसून घालवते. अशी मी दुसऱ्या मजल्यावर, आणि माझ्या डोक्यावर काकू.

काकू मूळच्या मिरजेच्या. त्यांचे वडील, बापू, नगरपालिकेत नगरसेवक होते, त्यामुळे त्या घरात पाळणासुद्धा म्हणे प्रचाराच्या घोषणांवर हलायचा. लग्नानंतर काकांबरोबर इथे आल्या, काका इथल्या गाड्यांच्या कारखान्यात होते. काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. एकुलती एक मुलगी, शलाकाताई, मिशिगनला इंजिनियर आहे, तिकडचीच नागरिक झाली, आणि गेल्या वर्षी तिने ठरवलं की तिच्या गावच्या शाळासमितीला उभं राहायचं. तिकडे म्हणे मिडटर्मला वरच्या संसदेपासून खाली शाळासमितीपर्यंत सगळं एकाच कागदावर असतं. मला मिडटर्म म्हणजे सहामाही परीक्षा वाटली होती. काकू म्हणाल्या, "तसंच गं. राष्ट्राध्यक्ष तोच राहतो, फक्त त्याचे हातपाय बदलायचे की तेच ठेवायचे ते लोक ठरवतात." ह्यांनी तर मला आधीच घाबरवून ठेवलं होतं. हे त्याच कारखान्यात सॉफ्टवेअरमध्ये, कॉन्ट्रॅक्टवर, आणि यांच्या ऑफिसात सगळे रोज तेच बोलत होते की तिकडे कोण येतंय त्यावर इथल्या गाड्या तिकडे किती जाणार ते ठरेल, आणि गाड्या जातील तशा नोकऱ्या राहतील. म्हणजे मिशिगनमधल्या बायका मत कुणाला देणार ह्यावर माझ्या घरचा भात शिजायचा! मी काकूंना विचारलं, "तुम्ही तिकडच्या कुठल्या पक्षाच्या बाजूच्या? हत्तीच्या की गाढवाच्या?" तर म्हणाल्या, "मतदान गुप्त असतं." मी म्हटलं, "अहो पण तुम्हाला मत कुठे आहे?" तर म्हणाल्या, "म्हणून काय वाट्टेल ते बोलायचं?"

खरा घोळ पुढेच झाला. शाळासमितीच्या उमेदवाराला तिकडे पक्ष नसतो, आणि निशाणीपण नसते, नुसतं नाव. हे ऐकून काकू दोन दिवस नीट जेवल्या नाहीत. "निशाणी नाही? मग माणसं शिक्का कशावर मारणार, हवेवर?" ताईंनी फोनवर परोपरीने समजावलं की आई, इथे लोक नाव वाचतात. काकू म्हणाल्या, "तुझं नाव मला लिहायला जड जातं, त्यांना काय वाचता येणार!" आणि मग त्यांनी स्वतःच्या अधिकारात छत्री ही निशाणी मंजूर केली. बापूंचीपण छत्रीच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत काकांची मोठी काळी छत्री उघडून कठड्याला बांधलेली, ऊन असो, वारा असो. पोस्टवाली विचारायची, पाऊस येणार आहे का. काकू वरून हात जोडायच्या. त्या बिचारीला काय माहीत की आपल्याकडे मत मागितलं जातंय.

आणि नारळ! प्रचाराचा नारळ फुटल्याशिवाय काही सुरूच होत नाही म्हणून काकूंनी तो फोडला, बिल्डिंगच्या मुख्य दाराच्या दगडी पायरीवर, रविवारी, भर दुपारी. रविवारी इथे भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नसतो. असा आवाज झाला की समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या. वर आणि त्या आठवड्यात जिना-पायऱ्या झाडायची पाळी माझी, दारावर तशी पाटी लावून जातात इथे, आणि पायरीवर नारळाचं पाणी आणि करवंटीचे तुकडे. तळमजल्याची फ्राऊ, म्हणजे जर्मन बाई, बाहेर आली, मी तर ओवीला कडेवर घेऊन भिंतीला चिकटले, की आता पोलीस. ती नुसतं पायरीकडे बघून म्हणाली, "कोकोसनुस? आम झोन्टाग?" म्हणजे नारळ, आणि तोही रविवारी? काकूंनी शांतपणे खोबऱ्याचा तुकडा आणि साखर तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "वालकाम्फ." म्हणजे निवडणुकीचा प्रचार. फ्राऊने तुकडा खाल्ला, विचार केला, आणि विचारलं की उमेदवार कोण. काकूंनी सांगितलं, माझी मुलगी. त्या दिवसापासून ती फ्राऊ रोज सकाळी कचरा टाकायला जाताना वर बघून विचारायची, छत्री कशी आहे? आणि पायरी मीच पुसली ते वेगळं.

काकूंची अजून एक खोड होती, कोपर. कुणी मागे राहिलं की त्या काही बोलायच्या नाहीत, त्याच्या कोपराखाली एक बोट लावायच्या, बस. ओवीच्या किंडरगार्टनमध्ये पालकांची सभा होती, मला एकटीला जायची भीती म्हणून मी काकूंना भाषांतराला नेलं. बुटक्या बुटक्या खुर्च्यांवर आम्ही सगळे गुडघे तोंडाशी घेऊन बसलेलो. बाईंनी विचारलं, पालकांच्या प्रतिनिधीला कोण उभं राहणार, तशी सगळी माणसं आपापले बूट बघायला लागली. मीपण बघत होते. आणि माझ्या कोपराखाली बोट आलं. हात वर! मला कळायच्या आत टाळ्या. घरी येताना मी रडत होते, "काकू, मला जर्मनचं धड डेर-डी-दास येत नाही, मी काय प्रतिनिधी होणार?" तर काकू ब्रेत्सेल, इथला तो खारा पाव, चावत म्हणाल्या, "बापूंना इंग्रजी येत नव्हतं, कलेक्टर त्यांना बघून उठून उभा राहायचा. तू आधी उभी तर राहा. बोलायचं नंतर बघू." आता दर महिन्याला मी त्या सभेला जाते, घाबरत घाबरत, पण जाते. जेवणात मुलांना काय द्यायचं ह्यावर मी एकदा बोललेसुद्धा. एकच वाक्य, पण क्रियापद शेवटी बरोबर पडलं.

ऑक्टोबर संपता संपता एक दिवस ताईंच्या अंगणातली प्रचाराची पाटी कुणीतरी मोडून टाकली आणि त्यावर रंगाने लिहिलं, तुझ्या घरी परत जा. ताईंनी फोटो पाठवला तेव्हा मी वरच होते. मी तर उठून दार नीट लागलंय का बघून आले, कारण हे वाक्य कुणीतरी मला म्हणेल म्हणून मी इथे रोज घराबाहेर पडताना घाबरते. काकूंनी चष्मा लावून फोटो बघितला आणि ताईंना म्हणाल्या, "बापूंच्या भिंतीवर शेण मारलं होतं. पाटी मोडली म्हणजे कुणीतरी वाचली. नवी लाव, मोठी लाव." मला इतका अभिमान वाटला! पण फोन ठेवून त्यांनी मला चहा ओतला तो कपाच्या बाहेर. बशी भरली, टेबलावर आला, तरी ओततच होत्या.

मतदान मंगळवारी. रविवारी संध्याकाळी मी खाली दोरीवरचे कपडे काढत होते तर वरची छत्री दिसेना. मला वाटलं वाऱ्याने उडाली. सोमवारी दुपारी, बाहेर अंधारून आलेलं, माझा फोन वाजला, शलाकाताई. "अश्विनी, आई बरी आहे ना? कालपासून फोनच उचलत नाहीये गं." आवाज रडवेला.  एकटी बाई, वय झालेलं, न्हाणीघरात पडली असेल तर! ओवीला उचललं आणि पळत वर गेले.

दार उघडंच होतं. काकू खुर्चीत बसलेल्या, मांडीवर मिटलेली छत्री, आणि फोन टॉवेलमध्ये गुंडाळून टेबलावर.

"काकू! ताई तिकडे घाबरल्यात, फोन का घेत नाही?"

"प्रचार थंडावला."

"म्हणजे?"

"काल संध्याकाळी पाचला थंडावला. इथले पाच. आता मतदान होईपर्यंत उमेदवाराशी बोलायचं नाही, निशाणी झाकून ठेवायची. आचारसंहिता आहे."

"अहो काकू, ती आपल्याकडे! तिकडे शेवटपर्यंत दारं वाजवत फिरतात लोक, ताईच सांगत होत्या."

"त्यांना नसेल. मला आहे."

मला एकदम राग आला. मला राग फार येत नाही, त्याच्या आधी भीती येते, पण त्या दिवशी आला. म्हटलं, "ताई रडतायत तिकडे."

काकू ताठ झाल्या. "रडतेय? माझ्या मुलीला कुणी रडवलं?"

"तुम्ही."

 काकूंनी छत्रीची मूठ घट्ट धरली. "काय बोलू गं तिच्याशी? शाळेत भाषणाला पडद्यामागून कोपराला बोट लावायचे की ही निघाली स्टेजवर. आता कोपर मिशिगनला आणि बोट इथे. आणि बोलताना माझा आवाज कापला तर तिला कळेल की आई घाबरलीय. आदल्या दिवशी उमेदवाराला हे कळू द्यायचं नसतं."

काकू आणि घाबरल्यात! मी पुढे झाले. टॉवेल काढला, ताईंना फोन लावला, आणि काकूंच्या कानाला धरला. मीच धरून उभी होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"आई? आई, मला फार भीती वाटतेय गं."

काकूंनी छत्री मांडीवरून खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मला पण."

तिकडे ताई हसायला लागल्या, रडता रडता. "तुला? तुला कधीपासून?"

"पाटी मोडली तेव्हापासून. जेवलीस का?"

"जेवते. आई, निवडून आले तर शपथेला येशील?"

"मी विमानात बसत नाही, तुला माहीत आहे." काकूंचे हात विमानात काका धरायचे. काका गेल्यापासून काकू विमानात बसलेल्याच नव्हत्या, मिरजेलासुद्धा गेल्या नव्हत्या.

"म्हणून तर विचारतेय."

"आधी निवडून ये," काकू म्हणाल्या, "मग बघू."

फोन ठेवल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "हे प्रचारात मोडतं का गं?" मी म्हटलं, "नाही काकू, हे घरगुती."

बुधवारी सकाळी ओवीला किंडरगार्टनला सोडायला निघाले तर तळमजल्याची फ्राऊ कचऱ्याची बादली हातात घेऊन रस्त्यात उभी, मान वर. "डेअर शिर्म इस्ट आउफ!" मी वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावर काळी छत्री उघडलेली. तिकडच्या संसदेत कोण जिंकलं, कोण हरलं ते सगळ्यांना माहीत आहे, ते मी काय सांगू, आणि ह्यांच्या कॉन्ट्रॅक्टचं अजून काही कळलेलं नाही, मी अजून घाबरतेच आहे. पण त्या सकाळी मी आणि ती फ्राऊ, एकमेकींची भाषा धड न कळणाऱ्या दोघी बायका, रस्त्यात एकमेकींचे हात धरून उड्या मारत होतो, जशी काही आम्हीच मिशिगनची शाळासमिती जिंकली. काकूंनी बाल्कनीतून हात जोडले. मतदारांचे आभार मानायचे असतात.

जानेवारीत शपथ. ह्यांनी गाडीने फ्रँकफुर्टला नेलं, मी बरोबर. काकूंनी इरकल नेसली होती, वरून काकांचा कोट, पायात लोकरीचे मोजे. सामान गेलं, आणि तपासणीच्या रांगेपाशी, जिथून पुढे आम्हाला जाता येत नाही, तिथे काकू थांबल्या. मागची माणसं बाजूने जायला लागली. काकू नुसत्या पुढे बघत उभ्या. ज्या बाईने दगडी पायरीवर भर रविवारी नारळ फोडला होता ती बाई.  मी जवळ गेले आणि त्यांच्या कोपराखाली एक बोट लावलं. कोटाच्या आत हात केवढासा होता.

काकू गेल्या. वळून बघितलं नाही.

त्या म्हणाल्या होत्या वसंतात येईन, आता ताई म्हणतात थोडं राहू दे तिला. वरून खुर्ची सरकल्याचा आवाज येत नाही. छत्री त्या मला देऊन गेल्यात, ती मी आमच्या बाल्कनीत बांधलीय, उघडी. परवा बर्फ पडला, तिच्यावर पांढरा थर साचला, ओवी म्हणाली आत घेऊ या. मी म्हटलं, राहू दे. पोस्टवालीला सवय झालीय.