त्रेचाळीस कलमी रिव्हॉल्व्हर

अमेरिकेतल्या अल्फारेटा गावच्या प्रल्हादला रिव्हॉल्व्हरचं भयंकर वेड होतं, आणि त्याच्याकडे एकही रिव्हॉल्व्हर नव्हतं. हसू नका. हे असं चांगलं चौदा वर्षं चाललं.

त्याचं काय झालं, नागपूरहून नोकरीसाठी आला त्याच वर्षी ऑफिसातल्या एका मित्राने त्याला शूटिंग रेंजवर नेलं आणि भाड्याचं एक जुनाट रिव्हॉल्व्हर हातात दिलं. नेम पार भलतीकडे गेला. पण चाप ओढला की घोडा मागे जातो, गोळ्यांचं चक्र एक घर पुढे सरकतं, सगळं कसं डोळ्यांसमोर, उघड्यावर! हे बघून गडी खलास झाला. विकत घ्यायचं तर त्याच्या व्हिसावर सोय नव्हती आणि ग्रीन कार्डाची रांग काही केल्या हलेना. मग हा पठ्ठ्या काय करणार? पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर, म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा पगार घेणारा माणूस. त्याने लॅपटॉप उघडला आणि आपल्याला हव्या त्या रिव्हॉल्व्हरचं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट लिहायला घेतलं.

चौदा वर्षांत कलमं झाली त्रेचाळीस. रूप जुनं हवं, सत्तर वर्षांपूर्वीचं वाटावं असं. आतली यंत्रणा मात्र आजची. नळी चार इंच, सूतभरही इकडेतिकडे चालणार नाही. मूठ अक्रोडाच्या लाकडाची. रबर दिसलं की याचं डोकं फिरायचं. पोलादाला गडद निळी झाक, अशी की वाकून बघितलं तर स्वतःची मिशी दिसावी. हल्लीच्या काही मॉडेलांना बाजूला किल्लीचं भोक असतं, ते अजिबात नको. मुठीच्या बुडाशी दोरी ओवायला कडी हवीच, दोरी कोण ओवणार ते विचारू नका. आणि चक्र बंद करताना आवाज ‘खट्’ नको, ‘टक्’ हवा. हे कलम एकोणतीस. खट् आणि टक् यांतला फरक ऐकवायला त्याने बायकोला, रत्नाला, दोनदा सोफ्यावर बसवलं आणि दोन्ही वेळा तिला डुलकी लागली.

एकदाचं ग्रीन कार्ड आलं. मित्रमंडळी विचारू लागली, "काय प्रल्हाद, घेतलं का?" कुठलं घेतोय! दुकानात गेला की तिसऱ्या मिनिटाला याला दोष सापडायचा.

"अहो, स्थळ बघताय की काय?" रत्ना म्हणायची. "मला तर पहिल्या भेटीतच हो म्हणालात."

"तेव्हा डॉक्युमेंट नव्हतं ना," असं म्हणून तो स्वयंपाकघरातून पळ काढायचा.

शेवटी रेंजवरच कुणीतरी अर्लचं नाव सांगितलं. अल्फारेटाच्या उत्तरेला तासाभरावर, डोंगर सुरू होतात तिथे या म्हाताऱ्याचं वर्कशॉप. जुन्या बंदुका दुरुस्त करायच्या, जुन्या घडणीचं नवं रिव्हॉल्व्हर हाताने बांधायचं, हा त्याचा उद्योग. वय शहात्तर. त्याने प्रल्हादची अकराच्या अकरा पानं वाचली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

"मी आता एकच बांधणार आहे," तो म्हणाला. "हात थरथरायला लागायच्या आत. ते तुझंच का असावं, हे मला बघायचंय."

त्याने कपाटातून आपल्या वडिलांचं रिव्हॉल्व्हर काढलं, रिकामं असल्याचं दोनदा उघडून दाखवलं आणि कुलपाच्या पेटीत घालून प्रल्हादच्या हातात ठेवलं. "आठवडाभर ने. उडवायचं नाही. नुसतं सांभाळ. हात लागला की तेलाच्या फडक्याने पूस. शनिवारी परत आण, मग सांगतो."

म्हणजे बघा, आयुष्यभर दुसऱ्यांना टेस्ट करणाऱ्याचीच टेस्ट लागली! घरी परतताना प्रल्हादने गाडी अशी चालवली की मागचे लोक हॉर्न वाजवून दमले. पाच दिवस त्याने ते रिव्हॉल्व्हर असं पुसलं की रत्ना म्हणाली, एवढं कौतुक तर आपल्या अनन्याचं बारशाला झालं नव्हतं.

गुरुवारी आली खंडेनवमी. दरवर्षी यांच्या पाटावर शस्त्रं म्हणून काय असायचं? दोन लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, भाजीची सुरी आणि अनन्याचा कॅलक्युलेटर. यंदा खरंखुरं शस्त्र घरात! प्रल्हादला राहवेना. त्याने पेटी उघडली, रिव्हॉल्व्हर मधोमध ठेवलं, फुलपात्रातलं पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. रत्नाने अंगणातला झेंडू धुऊन आणला होता, तो भरपूर वाहिला. आणि पूजलेली हत्यारं दसऱ्यापर्यंत हलवायची नाहीत, हा तिच्या माहेरचा कडक नियम. कुणी हलवलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी प्रल्हादने फुलं उचलली आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. निळ्या पोलादावर, झेंडूच्या खाली, तांबूस गंज धरला होता.

"अगं, हे काय झालं!"

"थांबा, चिंचेने घासते," रत्ना धावली. "तांब्याची भांडी कशी लख्ख निघतात!"

"हात लावू नकोस!" तो असा ओरडला की वरून अनन्या धावत आली. तिने डाग बघितला, बापाचं तोंड बघितलं. रत्ना हळूच म्हणाली, "अहो, एवढं जुनं आहे ते. आधीपासूनच होता म्हटलं तर?" खरं सांगायचं तर तोच विचार त्याच्याही मनात येऊन गेला होता. अर्लला कुठे आठवणार आहे? खरं सांगितलं तर संपलंच सगळं. चौदा वर्षं, त्रेचाळीस कलमं, सगळं पाण्यात.

"बाबा, जस्ट टेल हिम," अनन्या म्हणाली.

तो शनिवारपर्यंत थांबला नाही. सुट्टी टाकली आणि तडक निघाला. वाटेत मनात दहा वेगवेगळी वाक्यं जुळवली आणि दारात पोचल्यावर एकही आठवेना. पेटी उघडायच्या आधीच तो बोलून मोकळा झाला, "मिस्टर अर्ल, मी तुमच्या वडिलांच्या रिव्हॉल्व्हरवर गंज आणलाय. माझ्या हाताने." मग खंडेनवमी, पाणी, फुलं, हलवायचं नाही, सगळं सांगितलं. सांगताना लाज वाटली त्याला.

अर्लने रिव्हॉल्व्हर पेटीतून काढलं. भिंग घेऊन बघत बसला. मग तेलात बुडवलेल्या मऊ तारेच्या बोळ्याने हलक्या हाताने चोळू लागला. तांबूसपणा गेला. तांदळाच्या दाण्याएवढी करडी सावली तेवढी राहिली.

"एवढी राहणार," अर्ल म्हणाला. "राहू दे. यावर आणखी पाच खुणा आहेत. प्रत्येक कुणी केली ते मला माहितीये. आता हीसुद्धा माहितीये."

प्रल्हाद मान खाली घालून उभा. आता जा म्हणेल, मग म्हणेल. अर्लने खणातून ती अकरा पानं काढली.

"चाळीस वर्षं लोक इथे बिघडवलेल्या वस्तू आणतायत," तो म्हणाला, "आणि सगळे सांगतात, घेतली तेव्हा अशीच होती. तुझी यादी मी रोज वाचतोय. यात रिव्हॉल्व्हरला त्रेचाळीस अटी आहेत. मालकाला एकही नाही."

त्याने पेन्सिल घेऊन शेवटच्या पानाच्या तळाशी एक ओळ लिहिली आणि पान फिरवून प्रल्हादपुढे सरकवलं. चव्वेचाळीस. मालकाच्या हातून बिघडलं, तर मालक आपण होऊन सांगतो.

प्रल्हादचं वाचून होईपर्यंत म्हाताऱ्याने पान स्वतःकडे ओढलं आणि त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. "एक तर पास झालं," तो म्हणाला. "उरलेली त्रेचाळीस माझ्यावर. पुढच्या उन्हाळ्यात न्यायला ये."

गाडीत बसून प्रल्हादने रत्नाला फोन लावला आणि त्याला बोलताच येईना.

"अहो, रडताय काय? नाही म्हणाला ना? म्हणू दे मेला!" रत्ना म्हणाली. "तुम्ही खरं सांगितलंत ना? मग झालं तर. या घरी, जेवायला थांबलोय."

"हो म्हणाला गं," प्रल्हाद कसाबसा म्हणाला.