लाल दिव्याचा ब्रश

बाईजाचा सगळा जन्म घासण्यात गेला. दिवसभर आटगावजवळच्या ढाब्यावर टोप घासायचे आणि घरी आल्यावर मशेरीनं दात. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड हिरड्यांवर बोटानं दाबून चोळली की तोंड बधिर व्हायचं, आणि नवरा, नामा, गेल्यापासून तिला तेवढंच हवं असायचं. त्याच्या मयताला ती रडली नाही म्हणून बायका कुजबुजल्या. कुजबुजेनात का बापड्या! रडू काय मागून आणायचं असतं? तिला काही वाटतच नव्हतं, त्याला ती तरी काय करणार?

लेक माधुरी वाशिंदला कंपनीत जाते. आईच्या हिरड्या खाली सरकलेल्या आणि पुढचे दोन दात हलायला लागलेले बघून तिनं मशेरी फेकून दिली नि बॅटरीवर चालणारा ब्रश आणला.

"आये, हे दात ऱ्हायले पायजेत. बापूस गेला, आता तू नुसत्या पेजेवर दिवस काढू नको."

"बरं," बाईजा म्हणाली. ती हल्ली सगळ्यालाच बरं म्हणायची.

ब्रश गुरगुरला. बाईजानं जोर दिला, तसा दांड्यावर लाल दिवा लागला. तिच्या घरी बोर्डावरचा लाल दिवा लागला म्हणजे लाइट आली, विझला म्हणजे गेली. तेव्हा ब्रशलाही आता कुठे करंट आला, असं समजून ती रोज दिवा विझू न देता रगडून घासू लागली. थुंकीत रक्त यायचं. दुखत नव्हतं, म्हणून तिनं कुणाला सांगितलंही नाही.

मोरीत रक्त दिसलं तेव्हा माधुरी हबकली. आईला ब्रशसकट घेऊन तिनं शहापूरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. त्यांनी बाईजाला समोरच दात घासायला लावलं. दिवा लागला, तशी बाईजा म्हणाली, "आली बगा."

"काय आली?"

"लाइट."

माधुरीला हसावं की रडावं कळेना. डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत.

"मावशी, लाल झाला म्हणजे तुम्ही फार दाबताय, हिरडी सोलली जातेय. हलायचं काम ब्रश स्वतःच करतो. तुम्ही घासायचंच नाही. हिरडीच्या कडेला नुसता टेकवायचा आणि हळूहळू पुढच्या दातावर न्यायचा."

एक दात काढावाच लागला. दुसरा राहणार की जाणार, ते आता बाईजाच्या हातात होतं.

घासायचंच नाही! मग हातानं करायचं तरी काय? सुरुवातीला माधुरी तिचं मनगट धरून उभी राहायची. हात सवयीनं जोर करायचा, दिवा लागायचा, माधुरी ओरडायची. हळूहळू हात सैल पडला. रक्त थांबलं, दात टिकला.

एका सकाळी माठातल्या पाण्यानं चूळ भरताना त्या दातात सणकन कळ गेली. बाईजानं गाल धरला.

"माधे! दुखतं गो!"

माधुरी धावत आली. आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"कुठं दुखतं? दातात?"

बाईजानं आधी मान डोलावली. मग म्हणाली, "तुझा बापूस नाय गो ऱ्हायला."

माधुरी तिथंच ओल्या मोरीत बसली आणि तिनं आईला जवळ ओढलं.