फ्राऊ केसलर कोणत्या भाषेत बोलत होत्या?

"दुभाष्यालाही काही अर्थ लागला नाही," चीफ डॉक्टरांनी फाईल मिटली. "आल्झो, तर मग शुक्रवारी अकरा वाजता निर्णय. फ्लेगेहाइम."

फ्लेगेहाइम म्हणजे वृद्धांचं शुश्रूषागृह. तिथे गेलेला पेशंट सहसा घरी परत येत नाही. फाईल फ्राऊ केसलर यांची होती. वय एकाहत्तर, मूळच्या फिलिपिन्सच्या, चाळीस वर्षं लुडविग्सहाफेनमध्ये. नवरा जर्मन होता, तो वारला. स्ट्रोक येऊन नऊ दिवस झाले होते. बाहेर कॉरिडॉरमध्ये त्यांची एकुलती एक मुलगी बसली होती. झाबीने हे तिचं अख्खं नाव, त्यातला 'ने' मराठी नव्हे. तिला आतलं काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशी मंगळवार होता.

मी लोगोपेडिन आहे. स्ट्रोकनंतर ज्यांची वाचा जाते त्यांना पुन्हा बोलायला शिकवणं हे माझं काम. पुण्याची बाई जर्मनांना जर्मन शिकवते, हा विनोद दुसऱ्या कोणी करण्याआधी मीच करून टाकते. गोष्ट २०१५-१६च्या सुमाराची. तेव्हा मी या हॉस्पिटलात नवीन होते आणि चूक झाली तर ती माझ्या पासपोर्टच्या खात्यावर जमा होते, हे मला कळून चुकलं होतं.

फ्राऊ केसलर यांची केस वरवर सोपी होती. त्या भरपूर बोलायच्या. अगदी धो धो. पण जर्मन एक अक्षर नाही. मेंदूला मार बसला की वाचा बिघडते, त्याला अफेझिया म्हणतात. त्याचा एक प्रकार असा, की माणूस सुरात, हातवारे करत बोलत राहतो, पण शब्द निरर्थक असतात आणि समोरच्याचं बोलणंही त्याला कळत नाही. काहीच कळत नसेल तर रेहा, म्हणजे पुनर्वसनाचे उपचार, मंजूर होत नाहीत. म्हणजे सगळं एकाच प्रश्नावर अडलं होतं. बाईंना कळतंय की नाही?

झाबीने म्हणाली होती, "आई फिलिपिनिश बोलते." म्हणून हॉस्पिटलने टागालोग भाषेचा दुभाषा फोनवर घेतला. दहा मिनिटं. फॉर्मवर प्रश्न होता : पेशंटचं बोलणं अर्थपूर्ण आहे का? दोन चौकटी, हो आणि नाही. त्याने 'नाही'वर खूण केली आणि सगळे मोकळे झाले.

"फ्राऊ देवधर, तुम्ही आशियातल्या ना?" चीफ मला म्हणाले. "तुम्हीच एकदा बघा."

माझं डोकंच फिरलं. पुण्याहून मनिला जितकं लांब, त्यापेक्षा लुडविग्सहाफेनहून तेहरान जवळ आहे. पण इराणी पेशंट आला म्हणून चीफना कोणी बोलावत नाही. तरी गेले. चिडून गेले, म्हणूनच बहुधा नीट बघितलं.

मी दहा मोठी चित्रं दाखवली. कुत्रा, पाणी, घर, कोंबडी वगैरे. बाई प्रत्येक चित्रावर काहीतरी बोलल्या. मला एकही शब्द कळला नाही, पण मी सगळे लिहून घेतले. देवनागरीत. आपली लिपी याबाबतीत बहाद्दर आहे, कानावर पडेल ते कागदावर. कुत्र्यापुढे लिहिलं 'कितु', पाण्यापुढे 'दानुम'. खाली एकही जोडाक्षर न सोडता बाकीचे आठ.

बुधवारी सकाळी तीच चित्रं, उलट्या क्रमाने. पुन्हा लिहून घेतलं. मग दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि माझ्या अंगावर काटा आला. दहापैकी आठ शब्द जसेच्या तसे होते.

हे एवढं महत्त्वाचं का? निरर्थक बडबडीत शब्द टिकत नाहीत. आज कुत्र्याला एक म्हणतील, उद्या भलतंच. या बाई कुत्र्याला दोन्ही दिवस 'कितु' म्हणाल्या होत्या. ही बडबड नव्हतीच. ही भाषा होती!

मी पळतच चीफना गाठलं.

"आठ?" ते म्हणाले. "म्हणजे दोन चुकले."

"हो, पण आठ टिकले ना!"

"शुक्रवार, अकरा वाजता," एवढंच बोलून ते राउंडला गेले. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या वर्षी आमच्याकडे फिलिपिन्सहून नर्सेसची पहिली तुकडी आली होती. त्यातली जॉय आमच्याच मजल्यावर होती. झाबीनेची लेखी संमती घेतली, कारण इथे त्याशिवाय पान हलत नाही, आणि जॉयला पेशंटजवळ नेलं. तिने दोन मिनिटं ऐकलं.

"हे टागालोग नाही. आणि मी सेबूची, आमची बिसायासुद्धा नाही."

"मग फिलिपिन्सची भाषा तरी आहे ना?"

जॉय हसायला लागली. "फ्राऊ देवधर, आमच्याकडे शंभरावर भाषा आहेत. तुम्हाला कोणी विचारलं, इंडियन बोलता का, तर काय सांगाल?"

खरं सांगू? मी 'हो' सांगते. शेजारची म्हातारी विचारते, घरी इंडिश बोलता का, आणि मी म्हणते, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर. कोण समजावत बसणार? चाळीस वर्षं फ्राऊ केसलर यांनीही तेच केलं होतं. सासरच्यांना, शाळेत, फॉर्मवर, सगळीकडे 'फिलिपिनिश'. मला स्वतःची इतकी लाज वाटली की काही विचारू नका.

मी झाबीनेला गाठलं. "आई असं आणखी कोणाशी बोलायची?"

"मावशीशी. दर आठवड्याला फोनवर. मला वाटायचं, फिलिपिन्समध्ये सगळे असंच बोलतात."

"मावशीचा नंबर दे!"

"ती तीन वर्षांपूर्वी गेली. त्यानंतर आई कोणाशीच तसं बोलली नाही."

जॉयने आमचे आठ शब्द जर्मनीतल्या फिलिपिनोंच्या फेसबुक ग्रुपवर टाकले. पेशंटचं नाव नाही, काही नाही, फक्त शब्द. गुरुवारी दुपारी मी डबा खात होते आणि जॉय जिन्यावरून ओरडतच आली, "इबानाग! तिघांनी लिहिलंय, इबानाग!"

मी हे नाव जन्मात ऐकलं नव्हतं. लुझोन बेटाच्या उत्तरेला कागायान नावाची मोठी नदी आहे, तिच्या खोऱ्यातली ही भाषा. एके काळी तिथे बाहेरचा माणूसही ती शिकायचा. आता बाजारात इलोकानो, टीव्हीवर टागालोग, शाळेत इंग्लिश. घरी आजी इबानागमध्ये विचारते आणि नातवंडं दुसऱ्याच भाषेत उत्तर देतात. मला हे कोणी समजावायची गरज नव्हती. माझी लेक माझ्या मराठीला जर्मनमधून उत्तर देते.

त्या तिघांतला एक ब्राउनश्वाइगला मेकॅनिकलमध्ये पीएचडी करत होता. रोडेल. मी लगेच फोन लावला. पोरगा चाचरत होता.

"मला कळते सगळी, पण बोलायला जमेल असं वाटत नाही. आजी गेल्यापासून बोललोच नाही कोणाशी. आणि हे हॉस्पिटलचं काम. चुकलो तर?"

"खुशाल चूक," मी म्हटलं. "पण उद्या अकराला बोल. नाहीतर या बाई फ्लेगेहाइमला जातील आणि तिथे कोणालाच कळणार नाही, त्या काय म्हणतायत."

त्याने वेळ पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाला, "पावणेअकराला लॉग इन करतो."

शुक्रवारी खोलीत चीफ, झाबीने, जॉय आणि मी. टॅबलेट बाईंच्या समोर, पडद्यावर रोडेल. रोडेलने अदबीने काहीतरी विचारलं.

फ्राऊ केसलर गप्प झाल्या. बारा दिवसांत पहिल्यांदाच. चीफनी घड्याळ बघितलं. आणि मग बाईंनी टॅबलेट दोन्ही हातांनी धरला आणि अशा सुटल्या, अशा सुटल्या, की रोडेललाच हात वर करून थांबा म्हणावं लागलं. डोळ्यांतून पाणी आणि तोंडाने अखंड बोलणं.

"त्यांचं बोलणं त्याला समजतंय, ठीक," चीफ म्हणाले. "पण त्यांना कळतंय का?"

मी तयारीत होते. रोडेलला सांगितलं, एका दमात तीन गोष्टी सांग. आधी नाकाला हात, मग डोळे मिटायचे, मग खिडकीकडे बोट. त्याने सांगितल्या. बाईंनी तिन्ही केल्या, त्याच क्रमाने. चीफ एक पाऊल पुढे आले.

मग चित्रं. मी कुत्रा धरला. रोडेल घाबरलेला, त्याच्या तोंडून टागालोग शब्दच गेला, 'आसो'. बाईंच्या कपाळाला आठी. त्यांनी त्याच्यासमोर बोट नाचवलं. "कितु! कितु!" आणि पुढे बरंच काही.

"काय झालं?" चीफ.

"रागावल्या मला," रोडेल लाल होऊन म्हणाला. "म्हणाल्या, आजीने हेच शिकवलं का?"

मी चीफकडे वळले. "ज्याला भाषा कळत नाही तो दुसऱ्याची चूक पकडू शकतो?"

चीफनी फाईल उघडली, 'फ्लेगेहाइम' खोडलं आणि वर 'रेहा' लिहिलं. मला तिथेच फुगडी घालावीशी वाटली. जॉयने तर खरंच माझे हात धरले.

झाबीने रडत होती. तिने रोडेलला विचारलं, "बारा दिवस आई मला काय सांगत होती?"

रोडेलने विचारलं, ऐकलं आणि त्याला हसू आवरेना. "त्या म्हणतायत, पोरी, रडू नकोस, मी आहे. आणि माझा चष्मा कुठे टाकलास?"

चष्मा झाबीनेच्याच पर्समध्ये होता. अँब्युलन्समध्ये कोणीतरी तिच्या हातात दिला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! चष्मा चढवल्यावर चुकलेल्या दोन्ही चित्रांची नावं बाईंनी फटकन सांगितली. आठवड्यात दोनदा मी चष्म्याविना त्यांची परीक्षा घेतली होती. हे मी रिपोर्टमध्ये लिहिलं. लिहावंच लागतं.

पुढे मी त्या दुभाष्यालाही फोन केला. "मला शंका आली होती, ही दुसरी भाषा असेल," तो शांतपणे म्हणाला. "पण त्यासाठी चौकट नव्हती." आता फॉर्मवर तिसरी चौकट आहे. त्यासाठी आठ महिने आणि दोन कमिट्या लागल्या.

फ्राऊ केसलर रेहाहून स्वतःच्या घरी गेल्या. जर्मन निम्मंअर्धं परत आलं. दर रविवारी रोडेल त्यांना फोन करतो आणि मनसोक्त बोलणी खातो. झाबीने शेजारी वही घेऊन बसते. अडतिसाव्या वर्षी आईची भाषा पहिल्यापासून शिकतेय.

मी मात्र नव्या पेशंटच्या घरच्यांना मातृभाषा विचारणं बंद केलंय. तिथे लोक असं काहीतरी सांगतात, की पुढचे प्रश्न येऊ नयेत. मी आधी चष्मा आहे का बघते. मग विचारते, "या बहिणीशी भांडतात कोणत्या भाषेत?" याचं उत्तर अजून एकदाही चुकीचं आलेलं नाही.