अक्काची केणी

आमच्या अक्कासमोर "हे जमणार नाही" म्हणायची सोय नाही. म्हटलं की ती ते करणार, आणि आपल्याला राबवून करणार.

अक्का माझी थोरली बहीण. पॉलिटेक्निकमध्ये मशीन ड्रॉइंग शिकवून निवृत्त झाली आणि बंगळूरबाहेर, येलहंक्याच्या पलीकडे दाजींच्या शेतात घर बांधून राहिली. दाजी म्हणजे तिचे यजमान. रोज सकाळी मेन रोडच्या कोपऱ्यावरच्या टपरीत तासभर बसायचं, चहा प्यायचा, चार लोकांशी कन्नडमध्ये कडकडून भांडायचं आणि खुशीत घरी यायचं, हा त्यांचा नेम. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. चाकांची खुर्ची आली. त्यातून घरापासून कोपऱ्यापर्यंतच्या कच्च्या रस्त्यात शेजारच्या प्लॉटवरच्या लॉऱ्यांनी असे खड्डे पाडले होते की खुर्ची फाटकाबाहेरही निघेना. दाजींनी बाहेरचं नाव टाकलं. पुढे पुढे बोलणंही टाकलं.

गणपती झाल्यावर एक दिवस ते एवढंच म्हणाले, "दसऱ्याला... सीमोल्लंघन." टपरीशेजारी बन्नीचं, म्हणजे शमीचं झाड आहे. दसऱ्याला तिथवर जाऊन पानं आणायची आमची जुनी पद्धत. मी म्हटलं, गाडीत बसवून नेऊ. दाजींनी मान फिरवली. उचलून नेलेलं सीमोल्लंघन त्यांना नको होतं. अक्का "सरी", म्हणजे बरं, म्हणाली आणि आत गेली.

मला वाटलं, जेसीबी बोलावील. पण जेसीबी एकदा येऊन गेला होता, आणि पुढच्या पावसात रस्ता पुन्हा होता तसा. "दर पावसानंतर करावं लागणार. मग आपलंच हत्यार हवं," अक्का म्हणाली. बैलांच्या मागे बांधून जमीन सपाट करायची फळी असते, तिला केणी म्हणतात. अक्काला दाजींच्या जुन्या ट्रॅक्टरला जोडायची लोखंडी केणी करायची होती. शहरातल्या मारतहळ्ळीहून रविवारची झोप मोडून मी गेले, ती भंगार निवडायला. गुजरीवाल्याकडे, म्हणजे भंगारवाल्याकडे, तिने लॉरीच्या कमानीचे पाटे असे वाजवून पाहिले की तोही हसायला लागला.

पहिली केणी म्हणजे मागे आडवं एक पातं. अक्काने ती ओढली आणि रस्ता आणखी बिघडला. आता खड्ड्यांच्या जोडीला लाटा. माझं डोकं फिरलं. "झालं समाधान? आता खुर्ची काय, बकरीसुद्धा चालायची नाही इथून," मी म्हणाले. दुसरी कुणी असती तर मला झापलं असतं. अक्का मात्र ट्रॅक्टरवरून उतरली, साडी खोचली, आणि गाल मातीला टेकवून रस्ता बघत पडून राहिली. साठी उलटलेली बाई!

"पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की मागचं पातं खाली घुसतंय. चाक खड्ड्यात गेलं की पातं उचललं जातंय," ती उठून म्हणाली. "ट्रॅक्टर वाकडा चालतो तेच पातं गिरवतंय. त्याला ट्रॅक्टरवर सोडून चालणार नाही."

मग तिने स्वतःच्या हाताने केलेलं सगळं कापून काढलं. चेहऱ्यावर राग नाही, लाज नाही. मला हे कधी जमलेलं नाही. माझा एक ईमेल कुणी दुरुस्त केला तरी दोन दिवस जेवण जात नाही. दोन लांब गर्डर घेऊन तिने त्यांची घसरगाडीसारखी चौकट केली आणि त्यांच्या मधे दोन पाती, एकामागे एक, जराशी तिरकी. गर्डर लांब, म्हणून ते एका वेळी दोन-तीन उंचवट्यांवर टेकणार. पात्याला फक्त वर आलेली माती मिळणार, आणि ती तिरकी सरकत खड्ड्यात पडणार. अष्टमीच्या संध्याकाळी शेवटचं वेल्डिंग झालं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे इथली आयुधपूजा. हत्यारं धुतली, कुंकू लावलं, ट्रॅक्टरच्या चाकांखाली लिंबं ठेवली. आणि आभाळ भरून आलेलं. मी म्हटलं, "अक्का, पाऊस आला तर मेलो. आत्ताच ओढ, कोण बघतंय?"

"हत्यारांना वर्षभर राबवतो, आज एक दिवस बसू दे त्यांना," ती म्हणाली. मी हात टेकले. दाजी खिडकीतून दिवसभर आभाळच बघत होते.

पाऊस आला नाही. दसऱ्याला सकाळी अक्काने लिंबं चिरडत ट्रॅक्टर बाहेर काढला. पात्यापुढे माती गुंडाळत चालली आणि खड्डे भरत गेले. चार-पाच फेऱ्यांत रस्ता असा झाला की मला माझ्याच बहिणीच्या पाया पडावंसं वाटलं. पडलेही. "पुरे नाटक," ती म्हणाली.

दाजी नवा शर्ट घालून तयार होते. मी खुर्ची ढकलायला गेले, तर त्यांनी डावा हात वर करून थांबवलं. त्याच हाताने चाक फिरवत, डाव्या पायाने जमीन रेटत, वाकडेतिकडे का होईना, ते एकटे निघाले. वळणापर्यंत दिसले, मग दिसेनात.

तास झाला तरी पत्ता नाही. "बघून येते," म्हणून चपला घातल्या, तर अक्का म्हणाली, "बस गप. बाहेर गेलेत ते, हरवले नाहीत." ती मुद्दाम रस्त्याकडे पाठ करून शेंगा सोलत बसली होती. दाणे आणि सालं एकाच भांड्यात पडत होती.

दाजी आले ते घामाघूम. मांडीवर बन्नीची पानं, आणि शर्टावर छातीपासून पोटापर्यंत चहा सांडलेला. अक्काने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"नवा शर्ट होता," ती म्हणाली.

दाजींनी तोंडाची जुळवाजुळव केली. त्यांना काहीतरी पूर्ण सांगायचं होतं, म्हणून आम्ही दोघी थांबलो.

"उद्या," ते म्हणाले, "जुना घालतो."